त्सो मोरिरी आणि कोर्झोक: आईबाबांना घेऊन जावं का? पँगाँग सोडलं तर चालेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
जुलैच्या शेवटी लडाखला जायचं घाटतंय. मी, नवरा, दहावीतली लेक आणि माझे आईबाबा. बाबा अडुसष्ट वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. आई चौसष्ट, गुडघे सोडले तर ठणठणीत. एका सहल कंपनीचा कार्यक्रम हातात आलाय. उतरल्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी लेहदर्शन, मग नुब्रा, पँगाँग आणि शेवटी चक्क "त्सो मोरिरी (फोटो स्टॉप)". मला खरं तर त्सो मोरिरी सरोवरच बघायचंय. पाणी, भोवतीचे डोंगर, कोर्झोक गाव, शेळ्या घेऊन फिरणारे चांगपा लोक. लेकीलाही त्यात रस आहे, हे आश्चर्यच.
पँगाँग वगळून त्सो मोरिरीला राहावं का? वयस्कर माणसांना झेपेल का? गावात घरगुती सोय बरी की तंबू? अनुभवी मंडळींनी प्रकाश टाकावा.

सह्यसखा
फोटो स्टॉप?! लेहहून कोर्झोक सुमारे २२० किलोमीटर आहे, आणि हे किलोमीटर पुणे-सातारा रस्त्यावरचे नव्हेत. जायलाच सहा-सात तास. त्याच दिवशी परत आणणार असतील तर आईबाबांना गाडीची खिडकी दिसेल, सरोवर नाही. कंपनी बदला किंवा स्वतः ठरवा.

टोपणनाव_नंतर_सांगते
+१. आणि पँगाँग वगळायला कसली परवानगी लागते? २००९ च्या त्या सिनेमानंतर लोकांना वाटतं तिथे पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढला नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेले.

छावणीतली मावशी
नवऱ्याच्या नोकरीमुळे लेहमध्ये राहिले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी उंचीचं. लेह ३,५०० मीटरवर, त्सो मोरिरी ४,५०० च्या थोडं वर. म्हणजे लेहहून थेट कोर्झोकला झोपायला गेलात तर एका दिवसात हजार मीटरची उडी. दिवसा उंच घाट ओलांडून परत खाली येणं वेगळं आणि उंचावर रात्र काढणं वेगळं. आपले लोक खारदुंग ला ("ला" म्हणजे घाट) करून येतात, काही झालं नाही म्हणून खूश होतात आणि तीच फुशारकी कोर्झोकच्या रात्री नडते.

त्यावर उपाय रस्त्यातच आहे. लेहहून कारू, उपशी आणि तिथून सिंधूच्या काठाकाठाने चुमाथांगला जायचं. चुमाथांग सुमारे ४,००० मीटरवर आहे. नदीच्या अगदी कडेला गरम पाण्याचे झरे आहेत, राहायला साध्या खोल्या मिळतात. तिथे एक रात्र काढा. आईंचे गुडघे कोमट पाण्यात सोडा, बाबांना सिंधू बघत बसू द्या. दुसऱ्या दिवशी माहेचा पूल, तिथली तपासणी चौकी, सुमदो, मग नामशांग ला हा घाट आणि पलीकडे क्यागर त्सो नावाचं छोटं निळंशार तळं. पुष्कळ जण त्यालाच त्सो मोरिरी समजून उतरतात आणि फोटो पाठवून मोकळे होतात. ड्रायव्हर हसत असतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कोर्झोकमध्ये रात्री त्रास झाला तर "पटकन खाली उतरू" असं म्हणता येत नाही. खाली सिंधूच्या खोऱ्यात यायचं तर आधी नामशांग ला चढून ओलांडावा लागतो. मोठं रुग्णालय लेहलाच. म्हणून गाडी आणि ड्रायव्हर रात्री गावातच हवेत, हे आधीच ठरवून घ्या. ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर लेहहूनच गाडीत ठेवा. बाजारात मिळणारे स्प्रेसारखे छोटे डबे मनाच्या समाधानापुरते.

लेहमध्ये किमान तीन रात्री. आणि त्या तीन दिवसांत शांती स्तूपाच्या पायऱ्या मोजू नका.

एमडी_मेडिसिन_मिरज
मावशींशी सहमत. साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. चुमाथांगच्या थांब्याने तो बराचसा पाळला जातो. कोर्झोकला जाण्याआधी तिथेच किंवा न्योमाला दुसरी रात्र काढलीत तर आणखी उत्तम.

बीपीवर नियंत्रण असेल तर केवळ वयामुळे कोणाला अडवण्याचं कारण नाही. तरुण, धडधाकट, जिममध्ये जाणारेही आजारी पडतात, कारण ते दमलोय हे कबूल करत नाहीत. बाबांचा ईसीजी आणि बीपीच्या गोळ्यांची उजळणी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दलही त्यांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. पहिल्या काही रात्री झोपेच्या गोळ्या आणि दारू नको.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं हे थांबा म्हणून सांगणारं लक्षण आहे. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, चालताना झोक जाणं किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर रात्र आहे, रस्ता खराब आहे, पैसे भरलेत असा विचार करायचा नाही. ऑक्सिजन लावून निघायचं.

भिगवणकर
मी पक्ष्यांसाठी लिहितो आहे, रागावू नका.
आमच्या उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. होडीवाले त्याच्या मागे पर्यटकांना नेतात. या जातीची उन्हाळ्यातली घरं मंगोलिया, तिबेट आणि लडाखमध्ये, आणि त्सो मोरिरी हे भारतातलं त्याचं पिल्लं घालायचं महत्त्वाचं ठिकाण. जुलैच्या शेवटी काठच्या ओलसर गवतात पिल्लांची रांग घेऊन चालणारी जोडपी दिसतील. हिमालय ओलांडताना हा पक्षी ७,००० मीटरच्या वर उडाल्याची नोंद उपग्रहाच्या मदतीने झाली आहे. आपण मात्र ४,५०० वर बूट घालताना धापा टाकतो.

चक्रवाकाचीही तीच गोष्ट. भिगवणला पाहिलेला केशरी चक्रवाक तिथे बघून मला गावचा माणूस परमुलखात भेटल्यासारखं झालं होतं.

काळ्या मानेचे क्रौंच बघायचे असतील तर परतताना पुगा, पोलो कोंगका ला, त्सो कार असा रस्ता घ्या. पुगाच्या खोऱ्यात जमिनीतून वाफा निघतात. गंधकाने पिवळी पडलेली माती लेकीला भूगोलात उपयोगी पडेल. त्सो कार खारं आहे, काठावर मिठाचा पांढरा थर असतो. त्याला लागून स्टार्टसापुक त्सो हे गोड्या पाण्याचं तळं आहे, क्रौंच तिथल्या दलदलीत. दुर्बीण न्या. गाडी रस्त्यावरच ठेवा, चाकं गवतात घालू देऊ नका. त्सो मोरिरी २००२ पासून आणि त्सो कार २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, पण त्या यादीने ड्रायव्हर थांबत नाही, तुमच्या सांगण्याने थांबतो.

मार्मोटला (बिळात राहणारा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी) बिस्किटं घालू नका. पँगाँगच्या रस्त्यावरचे मार्मोट आता हात पसरणाऱ्या माकडांच्या वळणावर गेलेत. आणि भटक्या कुत्र्यांना टाकलेलं उरलंसुरलं अन्न शेवटी क्रौंचाच्या पिल्लांवर शेकतं. छावण्या आणि पर्यटकांच्या खरकट्यावर कुत्री वाढली आणि जमिनीवरची घरटी त्यांच्या तोंडाशी आली.

परखड बोलतो
सगळं छान, पण जरा थंड पाणी ओततो. कोर्झोक हे गाव म्हणून दिसायला काही स्वप्नातलं वगैरे नाही. चढावर एकाला एक चिकटलेली घरं, पत्र्याचे तुकडे, मध्ये गोम्पा (बौद्ध मठ), खाली तंबूंच्या रांगा, जेसीबी. "पारंपरिक गाव" म्हणून जाणारे निराश होतात. दुपारी वारा असा सुटतो की कानात दुसरं काही शिरत नाही. पँगाँगला निदान सोयी आहेत. आणि "चांगपा बघायला" जाणं म्हणजे काय? माणसं आहेत ती. त्यांच्या तंबूत शिरून, मुलांना चॉकलेटं वाटून, फोटो काढून यायचं, त्यापेक्षा सरोवर बघा आणि परत या.

टोपणनाव_नंतर_सांगते
@परखड, पत्रा आणि जेसीबी असला की गाव खोटं होतं का हो? आमच्या कोकणातल्या गावातही कौलं उतरवून पत्रे चढलेत. तिथली माणसं अजून गावकरीच आहेत.

परखड बोलतो
मी खोटं म्हटलं नाही. अपेक्षा ठेवून जाऊ नका म्हटलं.

लोकरीचा धागा
मी वस्त्रोद्योगात आहे, कामानिमित्त चांगथांगला, म्हणजे त्सो मोरिरीच्या भोवतालच्या उंच पठारावर, जाणं होतं. परखडरावांच्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर देतो, कारण तो मुद्दा रास्त आहे.

चांगपा बघायचे नसतात, हे बरोबर. पण त्यांच्याशी व्यवहार करता येतो, आणि तो त्यांना हवाही असतो. कोर्झोक, रुपशू आणि खारनाक हे या भागातले त्यांचे तीन मोठे गट. कोर्झोकच्या बऱ्याच कुटुंबांचं गावात घर आणि वर चराईवर बिऱ्हाड असं दोन्हीकडे असतं. तुमच्या घरमालकिणीचा भाऊ वरच्या कुरणात शेळ्या घेऊन असण्याची शक्यता दांडगी. तेव्हा रस्त्यात दिसेल त्या तंबूसमोर गाडी थांबवण्याऐवजी मालकिणीला विचारा, "तुमच्या कोणाकडे जाता येईल का?" ती फोन किंवा निरोप करेल, सोबत कोणाला तरी देईल, त्याचे पैसे घेईल. चहा मिळेल, तो खारट आणि लोण्याचा असेल. लेकीला सांगून ठेवा की पेला रिकामा केला की भरला जातो. पुरे असेल तर भरलेला तसाच ठेवायचा.

तंबूला रेबो म्हणतात. याकच्या केसांचा, काळा, जाडसर विणीचा. माथ्यावर फट असते, धूर तिथून जातो. मध्ये चूल, मागच्या बाजूला देवघर. हल्ली पुष्कळ जण पांढरा कापडी तंबूही वापरतात, वाहून न्यायला हलका म्हणून. जुलैत पश्म, म्हणजे शेळीची आतली मऊ लोकर, विंचरण्याचा हंगाम सरत आलेला असतो, तरी नशिबात असेल तर दिसेल. शेळीला कुशीवर पाडून पाय बांधतात आणि लांब, वाकड्या दातांच्या लोखंडी फणीने मानेपासून मागे ओढत जातात. पहिल्या काही ओढींना जाड केस येतात आणि मग खालून राखाडी, हवेसारखा पुंजका सुटायला लागतो. हातात घेतला तर वजन कळत नाही, पण बोटं तेलकट होतात. तंतू १२ ते १५ मायक्रॉनचा. एका शेळीकडून वर्षाला दोन-अडीचशे ग्रॅम, त्यातले जाड केस आणि माती काढली की निम्म्याहून कमी उरतं. हे एकदा पाहिलं की लेहच्या बाजारात पाचशे रुपयांना "शंभर टक्के पश्मिना" ओरडणाऱ्याकडे बघायची नजर बदलते.

आणि हे काम करणारी माणसं कमी होताहेत. २०१३ च्या सुरुवातीच्या हिमवृष्टीत चांगथांगमध्ये हजारो शेळ्या चारा न मिळून मेल्या. खारनाकची बरीच कुटुंबं कधीच लेहजवळच्या खारनाकलिंग वस्तीत उतरली आहेत. मुलं शाळेसाठी खाली आली की वर जायला कोण राहणार? आता मनाली-लेह रस्त्यावरच्या पांगच्या बाजूला १३ गिगावॉटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प मंजूर झालाय. वीज सगळ्यांना हवी, पण ज्या सपाटीवर पॅनेल बसणार ती कागदावर ओसाड दिसली तरी कोणाची तरी कुरणंच आहेत. यावर कोर्झोकमध्ये संध्याकाळी चुलीपाशी लोक तुमच्याआधी स्वतःच विषय काढतात. हिंदी बऱ्याच जणांना येते.

चॉकलेटं वाटू नका, याला मात्र माझं अनुमोदन. फोटो विचारून. नको म्हणाले तर नको.

परखड बोलतो
असं कोणी समजावून सांगितलं तर मी तरी कशाला वाकडं बोलेन? मान्य. वाऱ्याबद्दल मात्र मागे हटत नाही.

कृष्णाकाठ
बाप रे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. आता थोडे अडाणी प्रश्न. घरगुती मुक्कामात संडास कसा असतो? आईचं उकिडवं बसणं जवळपास बंदच आहे. जेवणात काय मिळतं? आणि मोबाइल?

छावणीतली मावशी
अडाणी कुठले, हाच खरा प्रश्न आहे आणि लोक तो लाजून विचारत नाहीत.
पारंपरिक लडाखी संडास कोरडा असतो. उंचावरची खोली, जमिनीत चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती ढकलायची. वास येत नाही, पाणी लागत नाही, वसंतात ते खत जवाच्या शेतात जातं. कोर्झोकची जवाची शेतं जगातल्या सर्वात उंचावरच्या शेतांपैकी आहेत, तेव्हा आपला हातभार लागतो असं समजा. पण आईंच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. काही घरांत कमोड बसवलेत, फोनवर स्पष्ट विचारूनच खोली घ्या. शिवाय मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, ती न्या. विमानात सामानात जाते. माझ्या सासूबाईंची त्या खुर्चीवर सगळी यात्रा झाली.

तंबूपेक्षा घर बरं, हे वयस्कर माणसांसाठी तर नक्कीच. जाड मातीच्या भिंती, स्वयंपाकघरात शेगडी. जुलैतही रात्री पारा शून्याजवळ उतरतो. पाण्याच्या अगदी काठाशी तंबू ठोकायला, गाडी न्यायला मनाई आहे, कोणी "लेक टच" म्हणून विकत असेल तर सोडा.

जेवण साधं. डाळ-भात, भाजी, चपाती मिळते. सांगितलं तर थुक्पा (शेवयांचं सूप) किंवा स्क्यू करतील. स्क्यू म्हणजे कणकेच्या जाड चकत्या भाज्यांबरोबर शिजवलेल्या. आपल्या वरणफळांच्या जवळचा, बाबांना आवडेल. भूक कमी होते, म्हणून मेतकूट, लिंबाचं लोणचं, भाजणीचं पीठ बरोबर असू द्या. त्या उंचीवर भात कुकरशिवाय शिजत नाही. मालकिणीने कुकरमधला भात वाढला तर नाक मुरडू नका.

मोबाइलला महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. तरी लेहबाहेर रेंज मिळेलच असं धरून चालू नका. घरी आधी सांगून ठेवा की दोन दिवस फोन आला नाही तर पोलिसांत जाऊ नका. रोख पैसे लेहमध्येच काढा.

सह्यसखा
कागदपत्रांचं राहिलं. भारतीयांना पर्यावरण शुल्क भरून ऑनलाइन पावती काढायला लागते, ती छापून दोन-तीन प्रती ठेवा, माहेच्या चौकीवर लागते. मूळ आधार कार्डही. गाडी लेहचीच घ्या. मनालीहून आणलेल्या टॅक्सीला किंवा भाड्याच्या बाइकला लडाखमध्ये स्थानिक फेऱ्या करू देत नाहीत, वादावादीत तुमचा दिवस जातो.

लेकीला आकाशाची आवड असेल तर हानले गाव बघा. वेधशाळा ४,५०० मीटरवर आहे. तिथली दोन मीटरची दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होस्कोटेहून चालवतात. २०२२ मध्ये तिथे गडद आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. पण आईबाबांबरोबर हानले आणि कोर्झोक दोन्ही नको. एकच काहीतरी.

मीनल_०७
माझं मत: नुब्रा काढून टाका. वाळूत उंटावर बसायला जैसलमेर आहे.

छावणीतली मावशी
@मीनल, नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, वयस्करांना झोप छान लागते आणि जर्दाळूही जुलैच्या शेवटी पिकतात. उंट सोडा, जर्दाळू सोडू नका. वेळ असेल तर ठेवावं असं माझं मत.

कृष्णाकाठ
घरी बैठक झाली. बाबांनी धागा पूर्ण वाचला, चष्मा लावून, आणि "पट्टकादंब" या शब्दावर त्यांनी पँगाँगचा पत्ता कट केला. सध्याचा बेत असा: लेहला तीन रात्री, नुब्रा दोन, परत लेह एक, चुमाथांग दोन, कोर्झोक दोन, मग पुगा-त्सो कार-तागलांग ला करून लेह. कंपनीला नाही कळवलं. परखडराव, वाऱ्यासाठी कानटोप्या घेतल्या आहेत.
शेवटचं: गोम्पात उत्सव असतो म्हणे, तो आपल्या तारखांत येईल का?

लोकरीचा धागा
कोर्झोक गुस्तोर. दोन दिवस असतो, मुखवटे घालून लामांचं छाम नृत्य होतं, आणि वरच्या कुरणांतले चांगपा त्यासाठी गावात उतरतात. साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तिथी तिबेटी पंचांगावर ठरते, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. लेहमधल्या पर्यटन कार्यालयाला विचारून घ्या. जमत असेल तर चुमाथांगची एक रात्र कमी न करता पुढचं सरकवा. फक्त खोली आत्ताच सांगून ठेवा. त्या दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक घरी वरून आलेले नातेवाईक असतात, आणि जागा पहिल्यांदा त्यांना मिळते.

छावणीतली मावशी
खोली सांगताना कमोडचं विसरू नका.